एक डोळा झाकून बघा

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, भांडी घासताना एक इयरफोन कानात आणि दुसरा लोंबकळत असेल, जिथे असाल तिथे स्वागत. फक्त गाडी चालवत असाल तर आजचा एक प्रयोग तुम्ही करायचा नाही. तो घरी पोचल्यावर. कारण त्यात एक डोळा बंद करायचाय.

बऱ्याच जणांचे मेसेज आलेत, "ताई, मॉरिशसचा एपिसोड कधी?" खरं सांगू का, तो मी दोनदा रेकॉर्ड केला आणि दोन्ही वेळा डिलीट केला. समुद्र, ऊस, डोडो, खर्च किती आला, कुठे काय खाल्लं, सगळं होतं त्यात. ऐकायला बरा होता. पण त्या ट्रिपमधली जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये, तीच नेमकी त्यात नव्हती. म्हणून आज तिसरा प्रयत्न.

सुरुवात मॉरिशसपासून नाही, चिपळूणपासून करावी लागेल.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. कुंभार्ली घाट त्यांना आमच्या घराच्या जिन्यापेक्षा जास्त पाठ. कुठल्या वळणावर पावसात दरड येते, कुठे समोरचा ट्रक हमखास आत घुसतो, सगळं तोंडपाठ. रिटायर झाल्यावर त्यांनी स्कूटर घेतली आणि मग बाजार, देऊळ, मित्राची टपरी, काहीही असलं तरी स्कूटर. आई म्हणायची, यांना दूध आणायला पाठवलं तर हे गुहागरला जाऊन येतील.

दोन वर्षांपूर्वी, गणपती उरकून मी पुण्याला परतले आणि पाच-सहा दिवसांनी बाबांचा फोन आला. दुपारचा. हे महत्त्वाचं आहे, कारण बाबा दुपारी फोन करत नाहीत. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "अगं, डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके फिरतात. चिलटं असल्यासारखे. आणि अंधारात मधूनच वीज चमकल्यासारखं होतं."

माझी मीटिंग सुरू होणार होती. मी म्हटलं, "बाबा, मोबाइल कमी बघा. दिवसभर रील्स बघत बसता."

"हो, तेच असेल," म्हणाले आणि ठेवला फोन.

तीन आठवड्यांनी आंघोळ करताना त्यांच्या उजव्या डोळ्यात साबण गेला. उजवा मिटला आणि डाव्याने नळ शोधायला लागले, तर नळ नाही. बादली नाही. खालून वर काळा पडदा ओढल्यासारखं झालेलं. उजवा उघडला की सगळं जागच्या जागी. मिटला की अर्धी न्हाणी गायब.

याला डॉक्टर रेटिना सुटणं म्हणतात, आपल्याकडे लोक म्हणतात पडदा सरकला. डोळ्याच्या आतल्या भिंतीला एक पातळ थर चिकटलेला असतो, चित्र उमटतं ते त्याच्यावर. त्याला भोक पडलं की आतलं पाणी त्याच्या मागे शिरतं आणि थर भिंतीपासून सुटत जातो, पावसाळ्यात ओल येऊन रंगाचा पोपडा सुटतो तसा. त्याच्या आधी बरेचदा डोळा सांगतो: अचानक वाढलेले काळे ठिपके, चमका, कडेने येणारी सावली. दुखत मात्र अजिबात नाही, आणि तिथेच घात होतो. मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचायची शक्यता चांगली असते. बाबांचा मधला भाग सुटून गेला होता.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला, आतून पडदा दाबून धरायला. मग माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आठ दिवस पालथे. जेवण, बातम्या, सगळं मान खाली घालून. तो बुडबुडा विरेपर्यंत विमान बंद, कारण वर हवेचा दाब कमी होतो आणि गॅस फुगतो. डॉक्टर म्हणाले, तोवर घाटसुद्धा नको. एकतीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला घाट बंद! बाबा पालथ्या पालथ्याच हसले होते त्यावर.

पडदा चिकटला. नजर आली नाही. आता डाव्या डोळ्याला उजेड कळतो, समोर हात हलला तर कळतं. बस.

आता प्रयोग. दोन्ही हात समोर ताठ करा, दोन्ही अंगठे वर, शेजारी शेजारी. डावा डोळा बंद. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे बघत राहायचं, नजर हलवायची नाही. आता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. साधारण वीतभर अंतर झालं की त्याचं टोक गायब होईल. आणखी पुढे नेलंत की परत येईल.

झालं? ती जागा म्हणजे तुमच्या डोळ्यातून नस बाहेर जाते ती जागा. तिथे काही दिसत नाही, आयुष्यभर दिसलेलं नाहीये. पण तिथे काळं भोकही दिसलं नाही ना? मेंदू आजूबाजूचं बघून ठिगळ लावून टाकतो. आणि दोन्ही डोळे उघडे असले तर एकाचं भोक दुसरा भरून काढतो. बाबांच्या बाबतीत तीन आठवडे हेच झालं. डावा डोळा जात होता आणि उजवा बिचारा सांभाळून घेत होता. त्या तीन आठवड्यांत त्यांनी स्कूटर चालवली, पेपर वाचला, माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलले.

त्या दुपारच्या फोनबद्दल मी कोणाला बोलले नाही. आईलाही नाही. बाबाही बोलले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही जाणवलं का, तेव्हा ते म्हणाले, "थोडं चमकायचं, मी लक्ष दिलं नाही." मी शेजारीच उभी होते.

मग घरी पहिले काही महिने चहा कपाच्या बाहेर. पायरी आहे त्यापेक्षा वर किंवा खाली. नंतर त्यांनी युक्ती काढली, किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं आणि मग ओतायचं. अजून तसंच ओततात. एकदा स्कूटर आत घेताना फाटकाचा खांब घासला आणि मी त्या वेळी घरी होते. मी किल्ली उचलली आणि पुण्याला घेऊन आले. न विचारता. ते काही बोलले नाहीत. टपरीवर चालत जायला लागले.

तर या सगळ्यानंतर वर्षभराने बोनस मिळाला आणि मी ठरवलं, आईबाबांना कुठेतरी न्यायचं. मॉरिशस का, तर मुंबईहून थेट विमान, व्हिसासाठी आधी पळापळ नाही, आणि आईला समुद्र हवा होता. मी म्हटलं, अगं, चिपळूणहून गुहागर तासाभरावर आहे. तर म्हणे, तो आपला समुद्र, त्याला काय बघायचं.

तिथे आम्हाला गाडीचा ड्रायव्हर मिळाला तो मराठी निघाला. म्हणजे मॉरिशसचाच, पाच-सहा पिढ्या तिथल्या, घरात बोलतात क्रिओल. पण मराठी शाळेत शिकलेला. तिथे शाळांमध्ये मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, माहितीये? १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर उसाच्या मळ्यांवर करार करून नेले, त्यात आपल्या कोकणातलेही होते. त्याला स्वतःच्या घराण्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, "रत्नागिरी." बाबांनी विचारलं, रत्नागिरीत कुठे? तो म्हणाला, "काका, फक्त रत्नागिरी." बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की तासभर त्याला तालुके सांगत होते, कुठलं तरी नाव ओळखीचं वाटेल म्हणून.

मॉरिशसमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. म्हणजे ड्रायव्हर उजवीकडे, बाबा त्याच्या शेजारी डावीकडे, आणि खिडकी नेमकी त्यांच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. बाहेर बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागायची. नैर्ऋत्येला शामारेल नावाचं गाव आहे, डोंगरात, तिथे जायचा रस्ता म्हणजे घाटच. तिसऱ्या वळणावर ड्रायव्हर हसायला लागला. म्हणाला, "काका, तुम्ही पण ड्रायव्हर?" बाबांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत होता. हवेतला.

शामारेलला सात रंगांची माती बघायला सगळे जातात. ज्वालामुखीचा खडक कुजून कुजून माती झाली, त्यातल्या लोहामुळे आणि अॅल्युमिनियममुळे तांबडे, जांभळे, तपकिरी, पिवळे असे पट्टे. छान आहे, अर्ध्या तासात बघून होतं. कुंपणाच्या बाहेरून बघायचं, आत पाय ठेवायचा नाही. आम्ही मात्र दुपारभर रमलो ते दुसऱ्याच ठिकाणी. त्याच भागात दृष्टिभ्रमाचं एक घर आहे. नाव सांगत नाही, ही जाहिरात नाहीये. तिथे आरशांचा भुलभुलैया, उलटी खोली, न्याहाळून बघाल तितकी फसवणारी चित्रं असं बरंच काही.

तिकीट काढताना माझ्या मनात आलं, अरे, हे आपण काय करतोय? डोळ्यांच्या गमतीजमती बघायला एका डोळ्याच्या माणसाला आणलंय. आईच्या चेहऱ्यावरही तेच. पण बाबा पुढे गेले होते.

पहिली खोली तिरकी. जमीन उतरती, पण भिंती, खिडक्या, चित्रं सगळं त्याच कलाने तिरकं केलेलं, त्यामुळे डोळे सांगतात सरळ आहेस आणि कानाच्या आतला तोल सांगतो पडतेयस. आईला मळमळायला लागलं, ती बाहेर बाकावर जाऊन बसली ती बसलीच. बाबांना काही झालं नाही. घाटातल्या गाडीत बसल्यासारखं आहे, म्हणाले.

मग ती खोली आली जिच्यासाठी मी हा एपिसोड करतेय.

बाहेरच्या भिंतीत एक भोक. त्याला डोळा लावून आत बघायचं. आत साधी चौकोनी खोली, दोन कोपऱ्यांत दोन माणसं उभी. एक राक्षसाएवढा, एक वीतभर. मग ते चालत जागा बदलतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत मोठा माणूस लहान होत जातो, लहान मोठा. एडलबर्ट एम्स नावाचा अमेरिकन होता, आधी वकील, मग चित्रकार, मग डोळ्यांचा अभ्यासक. त्याने ही खोली बांधली, म्हणून एम्स रूम. तुम्ही हे सिनेमात पण पाहिलं असेल, बुटकी माणसं आणि उंच माणसं एकाच फ्रेममध्ये दाखवायला हीच आयडिया वापरतात.

खोली चौकोनी नसतेच. एक कोपरा जवळ, दुसरा जवळजवळ दुप्पट लांब. जमीन तिकडे उतरत गेलेली, छत तिकडे वर चढलेलं, फरशीचे चौकोनसुद्धा वाकडे कापलेले. सगळं अशा हिशेबाने की त्या एका भोकातून बघितलं तर डोळ्यात पडणारं चित्र हुबेहूब चौकोनी खोलीचं पडतं. मग मेंदूपुढे दोन पर्याय: एक तर खोली वाकडी आहे, नाहीतर माणूस चालता चालता फुगतोय. आणि मेंदू म्हणतो, माणूस फुगतोय! खोल्या चौकोनी असतात हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलंय. तुम्हाला सगळं समजावून सांगितलं, आत जाऊन हात लावून आलात, तरी परत भोकाला डोळा लावला की तेच दिसणार.

आणि भोक एकच का? कारण दोन डोळ्यांनी बघितलं तर चोरी पकडली जाईल. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, दोघांना जरा वेगळं चित्र दिसतं, आणि त्या फरकातून मेंदू जवळ-लांब काढतो. ते चालू नये म्हणून ही जागा तुमचा एक डोळा बंद करवते.

बाबांनी बघितलं. बराच वेळ. मागे रांग लागली तरी हलेनात. मग बाजूला झाले आणि मला म्हणाले, "इथं सगळे माझ्यासारखेच की."

मी काय बोलणार?

पुढच्या दालनात जमिनीवर, भिंतींवर काढलेली मोठी चित्रं होती. दरीवरचा दोरीचा पूल, भिंतीतून बाहेर येणारा प्राणी, असली. एका विशिष्ट जागेवरून फोटो काढला तरच ते खरं वाटतं. माझ्या डोळ्यांना तो पूल म्हणजे फरशीवर फासलेला रंग दिसत होता. फोनमधून बघितलं की एकदम दरी. कारण फोटो म्हणजे एका जागेवरून, एका डोळ्याने बघितलेलंच. तुमच्या मोबाइलला मागे तीन कॅमेरे असले तरी फोटो एकाच डोळ्याचा असतो, लक्षात घ्या. आम्ही तिघं-चौघं पर्यटक वाकून, बसून, मागेपुढे सरकून ती जागा शोधत होतो, दहा-दहा फोटो फुकट. आणि बाबा फोनशिवाय सरळ जाऊन उभे राहिले. म्हणाले, "इथून काढ. जरा खाली धर. अजून. हां."

एक फोटो. परफेक्ट.

पुढचा अर्धा तास बाबा तिथे ऑर्डरी देत होते. एका फ्रेंच कुटुंबाला हातवारे करून दोन पावलं मागे घेतलं. एका नवऱ्याला सांगितलं, बायकोचे पाय कापू नकोस, मराठीत. एसटी मागे घेताना कंडक्टर सांगतो ना, येऊ दे येऊ दे, बास, तो सूर. मी त्यांना ऑपरेशननंतर पहिल्यांदा कोणाला तरी काहीतरी कसं करायचं ते सांगताना बघत होते.

आरशांच्या भुलभुलैयाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे. मी डोळ्यांवर विसंबून चालले आणि दोनदा कपाळ आपटलं. बाबा एक हात पुढे धरून, नजर खाली जमिनीवर ठेवून आरामात बाहेर. भिंतींवर आरसे असतात, फरशीवर नसतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती, रोज घरात तसेच चालतात ते.

नंतर कॉफी प्यायला बसलो. आई दुकानात मॅग्नेट बघत होती. मी कप त्यांच्याकडे सरकवला आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही फोनवर मला ठिपक्यांचं सांगितलं होतंत."

"हो."

"मी म्हटलं मोबाइल कमी बघा."

"हो."

"तेव्हाच गेलो असतो तर..."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला डॉक्टरला विचारायचं असतं तर मी डॉक्टरला फोन केला असता ना. तुला का केला? तू म्हणशील काही नाही, म्हणून केला."

मी रडायला लागले होते बहुतेक, कारण ते लगेच म्हणाले, "आईला दिसेल, पूस." मग कॉफीचा घोट घेतला आणि पुढचं वाक्य असं, "पण किल्ली तू विचारून न्यायची होतीस."

म्हणजे बघा. डोळ्याचा राग नव्हता, किल्लीचा होता.

(इथे रेकॉर्डिंग थोडं थांबवलं होतं. पाणी प्यायले.)

दुसऱ्या दिवशी आम्ही ल मॉर्नला गेलो, तिथून नैर्ऋत्येच्या टोकाला. तुमच्यापैकी अनेकांनी तो फोटो बघितला असेल, समुद्रात पाण्याखाली धबधबा कोसळतोय असा. वरून काढलेला. इन्स्टाग्रामवर फिरत असतो. तो तिथला. धबधबा बिबधबा काही नाहीये. प्रवाळाच्या आतलं पाणी उथळ आणि फिकट, बाहेर तळ एकदम खोल जातो आणि पाणी गडद होतं. त्या उतारावरून प्रवाह वाळू आणि गाळ खाली ओढून नेतो, आणि त्या पांढऱ्या-हिरव्या रेघा वरून बघितल्या की पाणीच कड्यावरून पडतंय असं वाटतं. बघायला हेलिकॉप्टर लागतं. मी भाव काढून आणला. बाबा म्हणाले, "एवढ्यात अख्खं कोकण एसटीने दाखवीन तुला, दोनदा." मी जरा हट्ट केला, मग सोडून दिला. होडी घेतली.

होडीतून काही दिसत नाही हां, आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या घालाल. तुम्ही जवळपास त्याच पाण्यावर असता आणि फक्त निळं दिसतं, एका रेषेपलीकडे जास्त निळं. समोर ल मॉर्न ब्राबाँ, ५५६ मीटरचा काळा कातळ, समुद्रातून थेट उठलेला. २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण दिसण्यासाठी नाही. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर, कपारीत लपून राहत. तिथे एक गोष्ट सांगतात, ती आमच्या ड्रायव्हरने आम्हाला किनाऱ्यावरच सांगितली होती. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामी बंद झाली. शिपाई हे सांगायला डोंगराकडे निघाले. वरच्यांनी त्यांना येताना बघितलं आणि वाटलं, पकडायला आले. आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

ही दंतकथा आहे, पण तिथे ती कोणी हलक्या आवाजाशिवाय सांगत नाही. १ फेब्रुवारीला तिथे सुट्टी असते, लोक त्या डोंगराच्या पायथ्याशी जमतात.

होडीवाल्याने इंजिन बंद केलं. लांब प्रवाळावर एक लाट फुटत होती, एकसारखी, आणि तिच्यावर काही सर्फर. होडीवाला फ्रेंच आणि इंग्रजी मिसळून म्हणाला, ही लाट जगात प्रसिद्ध आहे, तिचं नाव वन आय.

मी घाबरून बाबांकडे बघितलं. बाबांना 'वन आय' कळत होतं.

"एक डोळा?" त्यांनी विचारलं. "का?"

होडीवाल्याने डोंगराकडे बोट केलं. म्हणाला, त्या कातळात डोळ्यासारखी एक जागा आहे. सर्फर लोक तिच्यावरून ओळखतात. बरोबर ठिकाणी आलात की ती दिसते, मग लाट मिळते. इकडे तिकडे असाल तर दिसत नाही.

बाबा उठून उभे राहिले. होडी हलली, आई ओरडली, बसा म्हणून. ते बसले नाहीत. काठावर एक हात धरून, मान पूर्ण डावीकडे फिरवून, उजवा डोळा बारीक करून कातळाकडे बघत राहिले. मीही बघत होते. मला काळा दगड, झुडपं आणि ढगाची सावली दिसत होती. आम्ही त्या लाटेच्या जवळपासही नव्हतो.

"दिसला," बाबा म्हणाले. "तो काय."

"कुठे?" आई म्हणाली.

"तो बघ. दोन काळ्या रेघांच्या मधे. दिसला का गं तुला?"

मी दोन्ही डोळ्यांनी बघत होते. मग एक झाकून बघितला. मग दुसरा.

"हो," मी म्हटलं. "दिसला."